मिठाला साखरेची सोबत का लागते?

पावसाळा लागला की वस्तीत जुलाबाचे रुग्ण वाढतात. अशा घरांत आम्ही जातो तेव्हा दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. आजी म्हणते, "पाणी देऊ नका, दिलं की लगेच बाहेर पडतंय." मुलाचे वडील म्हणतात, "ते पुडीचं पाणी राहू द्या, सलाईनच लावा." दोघांचीही काळजी खरी आहे, पण समज चुकीची आहे. ती का चुकीची, हे समजून घ्यायला आतड्याच्या पेशीपर्यंत जावे लागेल.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. ऑक्सिजन त्यातून सहज आरपार जातो. मीठ आणि साखर मात्र तशी जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी या पटलात प्रथिनांची खास दारे असतात. पाणी जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त तिकडे ओढले जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, ते याचमुळे.

कॉलऱ्यात जंतूंचे विष पेशींना क्षार आतड्यात सोडायला लावते. क्षारामागून पाणी जाते आणि जुलाब सुरू होतात. मीठ शोषून घेण्याची नेहमीची वाटही मंदावते. त्यामुळे नुसत्या मिठाच्या पाण्याने फारसे भागत नाही. पण एक दार आजारातही चालू राहते. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत येतात आणि त्यांच्यामागून पाणीही शरीरात परतते. ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली.

तिची मोठी परीक्षा झाली १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाईनचा साठा पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजण्याचे काम नातेवाइकांनीही केले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये डॉक्टरांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आता आपल्या घरात काय करायचे?

• जुलाब सुरू होताच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, द्या. एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळा. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरले तर फेकून द्या.

• पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चवीसाठी साखर वाढवू नका. साखर जास्त झाली तर ती पाणी उलट आतड्यात ओढते. थंड पेयेही म्हणूनच नकोत.

• दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने द्या. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नका. झिंकच्या गोळ्यांसाठी आशाताईंना विचारा.

या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत, हे आजीलाही सांगा. शरीरातून गेलेले पाणी ते भरून काढते. जीव वाचतो तो त्यामुळे.

मूल मलूल झाले, पिईना, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त आले, तर क्षणभरही थांबू नका, दवाखाना गाठा. तिथे सलाईनची गरज पडू शकते. वाटेत जाताना पिऊ शकत असेल तर जलसंजीवनी पाजत राहा.

आमची एवढीच विनंती आहे : पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरात दोन पुड्या आणून ठेवा.