नवतपा, कूलर आणि तुमचा घाम

मे महिन्यातल्या भर दुपारी पिपरी मेघेच्या कुठल्याही गल्लीत शिरा, खिडक्याखिडक्यांतून कूलरची घरघर ऐकू येते. वर्धा शहराला लागूनच असलेलं हे गाव. पारा ४५ अंशांवर गेला तरी इथे कुणी दचकत नाही, आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला की मग विचारूच नका! उरलेल्या महाराष्ट्रात शाळेची घंटा वाजते, तेव्हा विदर्भातली मुलं अजून सुट्टीतच असतात. कारण हेच, ऊन.

आता त्या कूलरकडे जरा नीट बघा. आत बर्फ नाही. छोटा पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते वाळ्याच्या ताटीतून झिरपत खाली येतं आणि पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताटीतून आत ओढतो. पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाणी त्या हवेतूनच काढून घेतं. म्हणून झुळूक गार!

असंच यंत्र तुमच्या अंगातही आहे, तेही बिनविजेचं. आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. एक लिटर घाम अंगावर सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढ्या उष्णतेत सात लिटर साधं पाणी उकळेल! याच जोरावर बाहेर ४५ अंश असताना आत ३७ टिकून राहतात.

मात्र घाम सुकला पाहिजे. जूनमध्ये पहिली सर पडून गेली की कूलर गारवा द्यायचं सोडून नुसतं चिपचिप करतो, आठवतं? हवेत आधीच वाफ भरलेली असते. घामाचंही तसंच होतं, तो निथळतो पण सुकत नाही. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलं की माणूस असंबद्ध बोलू लागतो, कधी बेशुद्धही पडतो. यालाच उष्माघात म्हणतात. अशा वेळी त्याला सावलीत न्यायचं, अंग ओलं करून वारा घालायचा आणि तातडीनं दवाखाना गाठायचा. शेतात राबणाऱ्यांना, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना याचा धोका जास्त.

आणि हवा तापतेच आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कारखाने नव्हते तेव्हा हवेच्या दहा लाख कणांत त्याचे साधारण २८० होते, आता ४२० च्या वर गेले आहेत. त्यात आणखी एक पेच असा, की हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे ऊनही वाढणार आणि घाम सुकणंही अवघड होणार.

आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्यातच दगडी कोळसा आहे. चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र कोळशावरच चालतं. उन्हापासून वाचायला आपण कूलर लावतो आणि त्याच्या विजेसाठी पुन्हा कोळसा जळतो! त्या धुरातले सगळ्यात बारीक कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही तर रक्तातही उतरतात. दमा बळावतो, हृदयालाही त्रास होतो.

जमिनीतलं इंधन एक दिवस संपणार, हे वर्ध्यातल्याच एका माणसानं फार आधी लिहून ठेवलं होतं. जे. सी. कुमारप्पा त्यांचं नाव. मगनवाडीत राहून ते ग्रामोद्योगांचं काम करत. कोळसा आणि खनिज तेल हा मर्यादित साठा आहे, उपसला की संपला, असं त्यांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पतींच्या तेलावर जळणारा कंदीलही तयार झाला, त्याचं नाव मगनदीप. मला तो फार आवडतो, कारण त्याचं इंधन दरवर्षी शेतात नव्यानं उगवतं. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, मोठ्यांच्या मागे लागून एकदा तिथे जाच.

तोवर घरी एक प्रयोग करा. खोलीचं तापमान मोजणारे दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला मलमलचं ओलं फडकं गुंडाळा, दोन्ही पंख्यासमोर सावलीत टांगा आणि दहा मिनिटांनी आकडे वाचा. मे महिन्यात फरक किती येतो? तोच प्रयोग जुलैत करा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. ओल्या थर्मामीटरचा आकडा कधी ३५ च्या जवळ जाऊ लागला, तर समजा की धडधाकट माणसाचा घामही आता पुरा पडणार नाही. त्रास तर त्याच्या बराच आधी सुरू होतो.