चौसष्ट रुपयांचा हिशेब

पिठाला कडवट चव लागली, की आपण काय करतो? आधी डबा हुंगून बघतो. मग गहू दाताखाली धरतो. मग गिरणीवाल्याला विचारतो, की बाबा, आमच्या आधी कुणाचं दळण होतं? डबा, गहू आणि गिरणी तिन्ही एकदम बदलत नाही. बदललं तर कडवटपणा जाईलही, पण तो कुठून आला हे कधी कळणार नाही. मैत्रिणींनो, घरातल्या कॉम्प्युटरचं दुखणंही असंच शोधायचं असतं. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली. सांगते, ऐका.

आमचं गाव बोरी बुद्रुक, जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात शिकतो. २०२२ च्या दिवाळीत त्यानं सुटे भाग आणले आणि आमच्या पडवीतल्या टेबलावर कॉम्प्युटर जोडून दिला. तयार घेण्यापेक्षा बराच स्वस्त पडला. त्यावर आमच्या बचत गटाचा हिशेब सुरू झाला. गटात आम्ही १४ जणी, दरमहा प्रत्येकीचे ५०० रुपये. शिवाय कुणाचं अंतर्गत कर्ज, त्यावरचं व्याज, मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज, हळदीकुंकवाचे फोटो, सगळं त्यातच.

तीनेक महिने बरे गेले. मग काम करता करता पडदा एकदम निळा व्हायचा आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. दर वेळी संदेश वेगळाच. काही दिवसांनी फायली उघडेनात, ‘फाइल खराब झाली आहे’ एवढंच उत्तर. फोटो उघडला तर वरच्या निम्म्या भागात बायका आणि खाली नुसते राखाडी पट्टे. इथपर्यंत वैताग होता, पण तो आमच्या घरापुरता. खरा घोर पुढे लागला.

एप्रिलच्या बैठकीत सचिव मागच्या महिन्याचा हिशेब वाचत होती. विशीतली पोर, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, अक्षर सुरेख, बेरीज पक्की. एका आक्कांच्या नावापुढे तिनं वाचलं, ४३६. आक्का उसळल्या. “मी पाचशेची कोरी नोट दिलीय. हे बघ पासबुक, तुझीच सही हाय!” पासबुकात ५००, कॉम्प्युटरात ४३६. चौसष्ट रुपये गेले कुठे? रक्कम केवढीशी, पण बैठकीत कुजबुज सुरू झाली. त्यातच तिच्या सासूबाई बसलेल्या. घरी जाताना ती मला म्हणाली, “ताई, उद्यापासून वही दुसऱ्या कुणाकडे द्या. मला नको.”

गटाचं काम केलेल्या बाईला यातली गंभीर गोष्ट लगेच कळेल. १९९२ साली नाबार्डनं ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांना कर्ज मिळू लागलं, त्यामागे होता बायकांचा एकमेकींवरचा विश्वास आणि चोख वही. गटांच्या पंचसूत्रीतही नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला नियमित हिशेब आहेच. आमचं कर्जाचं प्रकरण त्याच महिन्यात बँकेत द्यायचं होतं.

मी आधी बँकेचं पासबुक काढलं. मार्चचा भरणा ७,००० रुपये, म्हणजे १४ गुणिले ५००, बरोबर. कॉम्प्युटरची बेरीज ६,९३६. म्हणजे पैसा कुठेच गेला नव्हता, कॉम्प्युटरच चुकीचं सांगत होता. दुसरी गोष्ट मनाला खटकली ती आकड्याची. माणसाच्या हातून चुकतं तेव्हा पाचशेचे पन्नास होतात, पाच हजार होतात, शेजारचं बटण दाबलं गेलं तर चारशे किंवा सहाशे होतात. ४३६ टाइप करायला तिन्ही आकडे वेगळे दाबावे लागतात. असं कुणाच्या हातून चुकून होईल?

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, एक वही घाल. कधी बंद पडलं, तेव्हा काय काम चालू होतं, लाइट कसे होते, पडद्यावर काय आलं, सगळं लिही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.”

ही दुसरी सूचना मला ओळखीची वाटली. आमच्या बोरीत कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे आणि आदिमानवाची दगडी हत्यारंही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी इथे काम केलं. त्या राखेचं वय किती, यावर तज्ज्ञांत वर्षानुवर्षं वाद झाले. असं उत्खनन करताना माती एकेक थर काढून, मोजून, नोंद करत काढतात. भसाभसा खणलं तर कुठली वस्तू कुठल्या थरातली हे कुणालाच सांगता येत नाही. आमच्या आजाराचेही थर असेच एकेक काढायचे ठरवले.

पहिला संशय विजेवर. आमच्याकडे शेतीपंपांची लाइन आली की घरातले दिवे मंदावतात. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला हात लावला तर झिणझिण्याही यायच्या. वायरमनला बोलावलं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडला होता. नवं अर्थिंग केलं, झिणझिण्या थांबल्या. हे काम व्हायलाच हवं होतं, जिवाचा प्रश्न आहे तो. पण निळा पडदा काही थांबला नाही. वहीत तर पहाटे सहाच्या नोंदी होत्या, लाइट स्थिर असतानाच्या, यूपीएस चालू असतानाच्या. वीज बाद.

दुसरा संशय हार्ड डिस्कवर. दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्क गेली. नवी घातली, विंडोज नव्यानं टाकलं. टाकतानाच दोनदा अडकलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. नवी कोरी डिस्क, नवं विंडोज, व्हायरसला जागाच नाही, तरी तोच आजार. म्हणजे डिस्क बाद, व्हायरसही बाद.

तिसरा संशय उष्णतेवर. आमच्या पडवीत कांद्याच्या सालपटांची आणि वाटेची धूळ बारा महिने. झाकण उघडलं तर पंख्यावर गोधडी चढलेली. ब्रशनं साफ केलं. आवाज कमी झाला, आजार तसाच.

आता वही नीट वाचली. एकटी हिशेबाची फाइल उघडी असेल तर मशीन दिवसभर गुपचूप चालायचं. फोटो, हिशेब आणि इंटरनेट एकदम उघडले, की अर्ध्या तासात कोसळायचं. सचिवेनं आणखी एक प्रयोग केला. एकच मोठी फाइल दोनदा कॉपी केली. एक प्रत उघडली, दुसरी खराब निघाली. हे ऐकल्यावर भाचा म्हणाला, “मग रॅमच बघूया.”

रॅम म्हणजे काय, हे मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. फडताळातली वस्तू ओट्यावर आणल्याशिवाय काहीच रांधता येत नाही आणि उरलेलं पुन्हा ठेवायचं तरी ते ओट्यावरूनच जातं. ओटाच घाण असेल तर फडताळ कितीही नवं आणा, आत जाणारी वस्तू नासकीच असणार. थोडा स्वयंपाक असला तर ओट्याचा तो घाण कोपरा वापरलाही जात नाही. पाहुणे आले, ओटा भरला, की मग तिथेही पातेलं ठेवावं लागतं.

या ओट्यावर प्रत्येक आकडा शून्य आणि एकच्या खुणांनी मांडलेला असतो. ८ जीबीच्या एका पट्टीत अशा ६,८०० कोटींहून जास्त खुणा मावतात. प्रत्येक खूण म्हणजे विजेचा अतिसूक्ष्म साठा. तो गळक्या माठासारखा पाझरतो, म्हणून सेकंदाला सुमारे पंधरा वेळा तो पुन्हा भरावा लागतो. यातला एखादा माठ जास्तच गळका निघाला, की एकचा शून्य होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. खुणांची किंमत एकातून दुप्पट होत जाते: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. पाचशे म्हणजे २५६, १२८, ६४, ३२, १६ आणि ४ यांची बेरीज. त्यातली चौसष्टची एकच खूण पुसा. राहिले ४३६! हा काही कोर्टात चालेल असा पुरावा नव्हे, पण माझ्या अंगावर काटा आला.

असं मोठमोठ्या ठिकाणीही झालेलं आहे. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकमध्ये मतदान संगणकावर होतं. एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडलेली दिसली. पुन्हा मोजली तेव्हा फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. एकाची बारा वेळा दुप्पट करा, ४,०९६ येतात. म्हणजे एकच खूण पालटली होती. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा हा परिणाम असावा असं मानलं गेलं, सिद्ध मात्र झालं नाही. आकडा अशक्य होता म्हणून कुणीतरी थांबून विचारलं. फरक छोटा असता तर तो तसाच खपून गेला असता.

तपासणीची रीत सोपी आहे. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ असतं. त्याहून कसून बघायचं तर ‘मेमटेस्ट’ नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन मशीन त्यावरून सुरू करायचं आणि रात्रभर चालू ठेवायचं. तो रॅमच्या प्रत्येक जागी खुणा लिहितो आणि परत वाचून बघतो. आमच्याकडे ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. पहिल्याच रात्री पडद्यावर लाल ओळी उमटल्या. एकही लाल ओळ आली तरी मशीन नापास समजायचं.

पण दोष पट्टीचा की ती बसते त्या खाचेचा? पुढच्या चार रात्री आम्ही एका वेळी एकच पट्टी ठेवली, आधी एका खाचेत, मग दुसऱ्या. हे काम सचिवेनंच केलं. प्लग काढायचा, धातूला हात लावून अंगातली वीज घालवायची, मग पट्टी काढायची. सोनेरी कडेवर खोडरबरही फिरवून बघितलं, कारण कधीकधी नुसता मळ असतो. निकाल स्वच्छ लागला. एक पट्टी दोन्ही खाचांत पास, दुसरी दोन्ही खाचांत नापास. बिल जपून ठेवलं होतं, पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. त्यानंतर रात्रभर तपासणी, एकही लाल ओळ नाही.

एक मात्र लक्षात घ्या. रॅम बदलली म्हणून नासलेल्या फायली दुरुस्त होत नाहीत. पेनड्राइव्हवरच्या प्रतीही त्याच ओट्यावरून गेलेल्या. म्हणून आम्ही पाच जणींनी दोन दुपारी बसून सगळी पासबुकं आणि वही कॉम्प्युटरशी ताडून पाहिली. आणखी दोन आकडे पालटलेले सापडले. ते सुधारले आणि प्रकरण मुदतीत बँकेत गेलं.

पुढच्या बैठकीत सचिवेनं मोबाइलवर त्या लाल ओळींचा फोटो सगळ्यांना दाखवला. आक्का बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, मग हे यंत्र त्याच वेळी का बोललं न्हाई?” त्यांचा प्रश्न अगदी खरा आहे. हाच प्रश्न १९४७ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये रिचर्ड हॅमिंग यांना पडला होता. सुट्टीच्या दिवशी लावलेलं त्यांचं काम यंत्र चूक दिसली की अर्धवट सोडून द्यायचं. यंत्राला चूक दिसते, तर ती कुठे आहे हे शोधून दुरुस्तही का करू नये, या विचारातून त्यांनी जास्तीच्या खुणा ठेवून चूक पकडण्याची रीत शोधली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या सर्व्हरमध्ये तशी चूक सुधारणारी रॅम वापरतात. घरगुती मशीनमध्ये ती बहुधा नसते. म्हणून जास्तीच्या खुणा आपणच ठेवायच्या.

आमच्या गटानं त्या अशा ठेवल्या. दर बैठकीला छापील पान काढायचं आणि ज्या त्या बाईनं आपल्या आकड्यापुढे सही करायची. महिन्याची बेरीज बँकेच्या भरण्याशी ताडून बघायची. दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून वापरायचे, एक माझ्याकडे, एक आक्कांच्या कपाटात. नवं मशीन जोडून घेतलं किंवा रॅम वाढवली, तर हिशेब चढवायच्या आधी एक रात्र तपासणी चालवायची. त्याला पैसा लागत नाही. आणि दुरुस्तीवाला “हे गेलं, ते गेलं” म्हणाला, तर “कशावरून?” असं विचारायला लाजायचं नाही.

वही अजूनही त्याच पोरीकडे आहे. तुमच्या गटात, दूध डेअरीत किंवा भिशीत कधी असा फरक निघाला, तर आधी वही, पासबुक आणि मशीन तपासा. माणसाचं नाव त्यानंतर घ्या.