डॉक्टरांना पुन्हा परीक्षा द्यावी लागते का?

आशाताईंना पुन्हा पुन्हा प्रशिक्षणाला बोलावतात. गाडी चालवणाऱ्याला लायसन नवं करून घ्यावं लागतं. मग डॉक्टरांचं काय? एकदा दारावर एमडीची पाटी लागली की ती जन्मभराची का? आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

आपल्या देशात एमडी किंवा एमएस झालेल्या तज्ज्ञाला त्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. पदवी कायमची. मात्र डॉक्टरकी करायची तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद लागते, आणि ती दर 5 वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी 5 वर्षांत 30 गुण जमवायचे असतात. हे गुण पेपर लिहून मिळत नाहीत, तर परिषदेने मान्य केलेल्या व्याख्यानांना आणि शिबिरांना हजर राहून मिळतात.

एवढं शिकलेल्या माणसाने पुन्हा काय शिकायचं, असं वाटेल. तर आपल्या शेजारचंच बघा. भोरवरून वरंधा घाट उतरला की बिरवाडी, महाड. तिथे 1976 पासून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचू चावलेली माणसं तपासली. कोकणात तेव्हा या विंचवाने धडधाकट माणसं आणि लेकरं दगावायची. दरदरून घाम, उलट्या, मग फुप्फुसात पाणी. गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस जात असत. बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी वापरून पाहिली आणि मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. आता विचार करा, त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरच्या पुस्तकात ही गोळी कुठून असणार? त्याने नंतर वाचलं, ऐकलं, तरच त्याचा रुग्ण वाचणार. साप चावल्यावर चिरा देणं, दोरीने करकचून आवळणं हेही पूर्वी शिकवत. आता ते करू नका म्हणतात.

अमेरिकेत तज्ज्ञांना खरोखरच परीक्षा असते. 1969 साली कुटुंबवैद्यांच्या मंडळाने ठरवलं की प्रमाणपत्र ठरावीक वर्षांपुरतंच द्यायचं. हळूहळू बाकीचे विषयही त्या वाटेने गेले. आपली कितीतरी मराठी मुलं-मुली तिथे डॉक्टर आहेत, त्यांनाही हे चुकत नाही. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि रात्री प्रश्नांची पुस्तकं घेऊन बसायचं, तेही महिनोन् महिने. प्रश्न साधारण असा येतो: अमुक वयाची बाई आली, छातीत दुखतंय, तपासणीत हे दिसलं, तर पहिलं काय कराल? डॉक्टरांनी फार तक्रारी केल्या. वेळ जातो, फी भरमसाट, आणि रोजच्या कामात न लागणारंही विचारतात. म्हणून काही मंडळांनी पर्याय काढला. तिथल्या फिजिशियनना आता तीन महिन्यांत 30 प्रश्न घरबसल्या सोडवता येतात, पुस्तक उघडून पाहायची मुभा असते, पण एका प्रश्नाला 4 मिनिटंच. आम्हाला हे बरं वाटतं. चुकलं कुठे, ते लगेच कळतं.

आपल्याकडचे 30 गुण आम्हाला अपुरे वाटतात. खुर्चीत बसलं की गुण मिळाला. डोक्यात काय गेलं, ते कोण बघतं? पण दुसरी बाजूही आहे. वेल्ह्याच्या डोंगरातल्या दवाखान्यात एकटाच डॉक्टर असेल आणि तो अभ्यासासाठी पुण्याला गेला, तर त्या दिवशी अडलेल्या बाळंतिणीने कुठे जायचं? परीक्षा आणायची असेल तर त्याच्या जागी बदली डॉक्टर आधी द्यायला हवा.

तोवर आपल्या हातात काय आहे? डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. नसेल तर विचारा. वैद्यक परिषदेच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. गटातली एखादी शिकलेली पोर मोबाइलवर बघून देईल. आपल्या भागात बरेच डॉक्टर बीएएमएस किंवा होमिओपॅथीचे असतात. त्यांची नावं या यादीत सापडणार नाहीत, म्हणून घाबरू नका. त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत, तिथे बघायचं. आणि पाटीवर 'स्त्रीरोगतज्ज्ञ' लिहिलं असेल तर खाली एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ यांतलं काही आहे का, तेवढं वाचून मगच सुनेला आत न्या.