पेनिसिलीन चालत नाही, हे ठरवले कोणी?

सुई देण्याआधी डॉक्टर विचारतात, "कुठले औषध बाधते का?" तुम्ही म्हणता, "पेनिसिलीन चालत नाही." हे कोणी व केव्हा ठरवले, याची घरातल्या वडीलधाऱ्यांकडे एकदा चौकशी करा. पुष्कळदा लहानपणी तापात औषध घेतले, अंगावर पुरळ उठले, एवढाच पुरावा निघतो. ते पुरळ तापाचेही असू शकते. अशा माणसांची नीट तपासणी केली, तर दहांतल्या सुमारे नऊ जणांना हे औषध सोसते असे दिसून आले आहे.

कड्याच्या घरांना याचे महत्त्व अधिक. घसा दुखून पुढे सांधे सुजले आणि हृदयाच्या झडपांना इजा झाली, तर त्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई घ्यावी लागते, तीही कित्येक वर्षे. आईबाप ऊसतोडीला गेले, की मूलही कोपीवर जाते. तिथल्या नव्या डॉक्टरने "चालत नाही" एवढेच ऐकले, तर सुई चुकते.

चाचणी मोठ्या रुग्णालयात होते. हाताच्या आतल्या बाजूस औषधाचा थेंब ठेवून कातडी जराशी टोचतात. शेजारी हिस्टामिनचा थेंब असतो. तिथे गांध उठायलाच हवी. खाजेची गोळी घेतली असेल तर ती उठत नाही आणि चाचणी फुकट जाते. म्हणून ती किती दिवस आधी बंद करायची ते विचारा. १५-२० मिनिटांनी हात पाहतात. काही उठले नाही तर कातडीच्या आत थोडे औषध देतात, आणि शेवटी डॉक्टरांच्या नजरेखाली तोंडाने एक मात्रा. पूर्वी औषधाने कातडी सोलली असेल, तोंडात फोड आले असतील, तर ही चाचणी करू नये. ते आधीच सांगा.

गावात सुईआधी थोडे औषध टोचून "टेस्ट" करतात, ती निराळी. तीत काही उठले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ॲड्रेनॅलिन हाताशी आहे ना, हे विचारण्यात संकोच कसला? सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा.

खरोखर बाधले असेल, तर औषधाचे नाव, साल, किती वेळाने काय झाले, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन त्याच घराण्यातली, हेही त्यावर असू द्या. चिठ्ठी रेशनकार्डाबरोबर ठेवा, म्हणजे उसाच्या फडावरही ती बरोबर येईल.