दोन शंका भेटू नयेत म्हणून

बुवाबाजीची बातमी आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला: एवढी शिकलीसवरली माणसं याच्या नादी लागलीच कशी? मला त्याहून चक्रावून टाकतो तो दुसराच प्रश्न. शेकडो माणसं एकत्र राहतात, अर्धपोटी राबतात, रात्र-रात्र प्रवचनं ऐकतात. त्यांतल्या कित्येकांना मनातून हे पटत नसतं. मग ती शेजारच्याच्या कानात तसं सांगत का नाहीत?

या मौनामागे किती कारागिरी असते, हे पाहायचं तर दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात जायला हवं. तिथे जोन्सटाउन नावाच्या वसाहतीत १८ नोव्हेंबर १९७८ रोजी ९०९ माणसं मेली, बहुतेक सगळी सायनाइडने. त्यांत तीनशेहून जास्त मुलं होती.

पण हे सुरू झालं होतं भल्या कामातून. १९५०च्या दशकात जिम जोन्सने अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात चर्च काढलं, तेच पुढे ‘पीपल्स टेम्पल’ झालं. काळे आणि गोरे एकाच बाकावर बसून प्रार्थना करताहेत, हे त्या काळी तिथे अप्रूपच. गरिबांना जेवण, म्हाताऱ्यांना निवारा, व्यसनात अडकलेल्या पोरांना आधार, ही कामंही खरीखुरी होती. मंडळी कॅलिफोर्नियात गेली, जोर वाढला, आणि १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण आयोगावर नेमलं. तेव्हा यात सामील होणाऱ्याला आपण पंथात शिरतोय असं का वाटावं? तो चांगल्या कामाला हातभार लावत होता.

सभांमध्ये जोन्स आजाऱ्याच्या शरीरातून कर्करोग ‘बाहेर काढून’ दाखवी. त्या गाठी म्हणजे कोंबडीच्या पोटातले तुकडे असत. आपल्याकडच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ही हातचलाखी बसल्या जागी पकडली असती. पण थांबा, खरी गंमत पडद्यामागे आहे. ते तुकडे आणून देणारे, लपवणारे जोन्सचे विश्वासू सहकारी होते. नाटक नाटक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही ते टिकले! एवढ्या मोठ्या कामासाठी थोडं नाटक चालायचंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. एकदा स्वतः खोट्यात हात घातला की ते खोटं उघडं पाडायची सोयच उरत नाही.

पुढच्या पायऱ्याही अशाच एकेक. आधी पगारातला काही हिस्सा, मग घर. मग सह्या. कोऱ्या कागदावर सह्या, आणि न केलेल्या घाणेरड्या गुन्ह्यांच्या कबुलीजबाबांवरही सह्या. निष्ठेची खूण म्हणून लोकांनी त्या केल्या. उद्या बाहेर पडून बोललात तर तो कागद तयार!

आता एक प्रयोग पाहू. १९५०च्या सुमारास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी काही जणांना एका टेबलाभोवती बसवलं आणि विचारलं, समोरच्या तीन रेघांपैकी कोणती या रेघेएवढी आहे? प्रश्न शेंबड्या पोरालाही सुटेल असा. मात्र टेबलाभोवतीचे सगळे अ‍ॅशना सामील होते, एक सोडून. ते सगळे एकसुरात चुकीचं उत्तर देत. त्या एकट्याचं काय होई? चारांपैकी तीन जण निदान एकदा तरी डोळ्यांसमोरचं नाकारून सगळ्यांच्या मागे गेले. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही हेच घडतं: ठराव कोणालाच पटलेला नसतो, जो तो इतरांच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि ठराव एकमताने मंजूर होतो.

यापुढची पायरी तर विलक्षणच. अ‍ॅशनी सामील असलेल्यांपैकी एकाला वेगळं उत्तर द्यायला सांगितलं, आणि बिचाऱ्याच्या मानेवरचं जू उतरल्यासारखं झालं. चुकांचं प्रमाण धाडकन खाली आलं. गंमत म्हणजे, त्या सोबत्याने बरोबरच उत्तर द्यायला हवं असंही नव्हतं. तो वेगळं पण चूकच बोलला, तरी एकमत फुटलं आणि दडपण ओसरलं.

ही गोष्ट हाताशी धरून जोन्सटाउनकडे बघा. सुटे वाटणारे सगळे नियम एकदम एका धाग्यात येतात. पंथप्रमुखाला सत्याची तर भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती दुसऱ्या कुठल्याही आवाजाची.

१९७७ मध्ये वृत्तपत्रवाले मागे लागल्यावर जोन्सने शेकडो अनुयायांना गयानात हलवलं. पासपोर्ट काढून घेतले. पत्रं वाचूनच पुढे जात. वसाहतभर लाउडस्पीकर लावलेले, आणि त्यांतून जोन्सचाच आवाज. तो झोपला की टेपवरचा. जगाच्या बातम्याही तोच सांगे: अमेरिकेत काळ्यांना छावण्यांत कोंबताहेत, परत गेलात तर मेलात. वसाहतीतले बहुसंख्य लोक काळे होते. वंशद्वेष त्यांनी आयुष्यभर अंगावर झेलला होता. त्यांना हे अशक्य का वाटावं?

कोणी कुरकुर केली तर कळवायचं, मग तो नवरा असो की आई. मुलं आईबापांची चुगली करत. आपल्या मनातल्या ‘वाईट’ विचारांची कबुली लोक स्वतःच ‘डॅड’ला, म्हणजे जोन्सला, लिहून देत. किती सफाईची रचना आहे बघा! शंका सरळ वर जाई. आडवी, शेजारच्या खाटेवर, कधीच नाही. जोन्सला प्रत्येकाची शंका माहीत, आणि प्रत्येकाला वाटे की शंका आपल्या एकट्यालाच आहे.

शिवाय रंगीत तालीम. तिला ते ‘व्हाइट नाइट’ म्हणत. मध्यरात्री भोंगा वाजे, शत्रू आलाय म्हणून सगळे मंडपात जमत. अशाच एका रात्री पेले वाटले आणि यात विष आहे, प्या, असं सांगितलं. लोक प्यायले. मग कळलं, ही निष्ठेची परीक्षा होती. त्या रात्री प्रत्येकाने पाहिलं की बाकीचे सगळे प्यायला तयार आहेत. आणि बाकीच्यांनी त्याला पिताना पाहिलं.

१७ नोव्हेंबरला अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन पत्रकारांना घेऊन चौकशीला आले. एकाने पत्रकाराच्या हातात चिठ्ठी सरकवली: आम्हाला इथून बाहेर काढा. आणि एकमत तडकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंधराएक जण जायचंय म्हणून उभे राहिले. सुमारे हजारांत पंधरा म्हणजे किती? पण जोन्सचा हिशेब चुकला नव्हता. पंधरा आवाज किती महाग पडतात हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? संध्याकाळी परत निघालेल्या या मंडळींवर जवळच्या विमानाच्या धावपट्टीवर हल्ला झाला; त्याच्या माणसांनी रायन यांच्यासह पाच जणांना गोळ्या घातल्या, आणि मंडपात खरे पेले आले.

तिथली ध्वनिफीत एफबीआयच्या हाती लागली. तीत क्रिस्टीन मिलर नावाची एक बाई उभी राहून वाद घालते: दुसरा काही मार्ग नाही का, मुलांना जगायचा हक्क नाही का? जोन्स तिला बोलू देतो, उत्तरंही देतो. तिला खाली बसवते ती गर्दी. तिचा सूर उचलायला दुसरं कोणी पुढे येत नाही. मात्र याला सामुदायिक आत्महत्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भोवती बंदूकधारी होते, आधी मुलांना पाजलं, काहींना तर सुया टोचल्या.

आणि त्याच सकाळी, हे सगळं घडायच्या आधी, अकरा जण सहलीला निघाल्याचा बहाणा करून जंगलात शिरले होते. त्यांत लहान मुलंही होती. सुमारे तीस मैल तुडवत ते मॅथ्यूज रिज या गावी पोचले आणि वाचले. त्यांच्यातल्या काहींनी आधीच आपसांत बोलून बेत ठरवला होता. पोटचं पोरही चुगली करेल अशा जागी तो पहिला शब्द कोणी काढला असेल, आणि काढण्याआधी समोरच्याचा चेहरा किती दिवस न्याहाळला असेल?