जागच्या जागी सायकल

तुमच्यापैकी बहुतेकांना सायकल येत असेल. मग एका प्रश्नाचे उत्तर द्या पाहू. स्टँड न लावता सायकल नुसती उभी केली, तर ती लगेच एका अंगावर कोसळते. तीच सायकल चालू लागली की पडत नाही. असे का?

मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. हा प्रश्न कोणी विचारला की माझे उत्तर ठरलेले असे : "फिरणारे चाक म्हणजे एक भोवराच. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तशीच सायकलही उभी राहते." मुलांचे समाधान होई आणि माझेही. हे उत्तर फार अपुरे आहे, हे मला समजले ते चाळिशी उलटल्यावर, सिंदी मेघे येथील आमच्या घराच्या पडवीत, कोपर खरचटून घेतल्यावर!

सिंदी मेघे हे वर्धा शहराला अगदी लागून असलेले गाव. माझ्या पुतण्याला सायकलच्या शर्यतींचे वेड आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने पुरी केली होती. तेव्हापासून आमचे चिरंजीव पहाटे उठून पवनारच्या रस्त्याला लागतात. पण वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. पारा ४५ अंशांवर गेला की सकाळी आठनंतर रस्त्यावर सायकल चालवणे म्हणजे आजाराला आमंत्रण. पावसाळ्यात तर आडवाटेची काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाकच फिरेना. म्हणून त्याने सरावासाठी घरातच रोलर बसवायचे ठरवले.

रोलर म्हणजे काय? लोखंडी अँगलची एक लांबट चौकट घ्या. तिच्यात तीन मोठी लाटणी आडवी बसवली आहेत, अशी कल्पना करा. दोन मागे जवळजवळ आणि एक पुढे. सायकलचे मागचे चाक त्या दोन लाटण्यांच्या खाचेत बसते आणि पुढचे चाक तिसऱ्यावर टेकते. पायडल मारले की मागचे चाक फिरते, त्याच्या घर्षणाने मागची लाटणी फिरतात आणि त्यांतल्या एकावरून पुढच्या लाटण्यापर्यंत गेलेला पट्टा त्यालाही फिरवतो. त्यामुळे पुढचे चाकही फिरू लागते. सायकलला कोठेही पकडलेले नसते. ती मोकळी असते, पण आहे तेथेच राहते.

पुतण्याने वर्ध्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानातून हे यंत्र बनवून आणले. लाटण्यांसाठी ११ सेंटिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा पाइप वापरला होता. पहिल्या दिवशी ते असे थरथरले की खिडकीची तावदाने वाजू लागली. हिशेब केला तेव्हा कारण कळले. या पाइपाचा परीघ साधारण ३४.५ सेंटिमीटर. सायकल ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालवली, तर पाइप सेकंदाला १४ ते १५ फेरे घेतो. तो किंचित जरी वाकडा असला तरी सायकलीला सेकंदाला तितके हादरे बसणारच. पाइप लेथवर सारखे करून आणले, तेव्हा आवाज थांबला.

त्याने सायकल चढवली त्या दिवशी मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो होतो, "अरे, यावर तोल राहणारच नाही. सायकल पुढे जात नाही, म्हणजे तिला संवेग नाही. संवेग नाही तर तोल कसला?" त्याने दाराच्या चौकटीला धरून दहाबारा पायडले मारली, चौकट सोडली आणि तो खुशाल चालवू लागला.

माझी चूक कोठे झाली? धावत्या आगगाडीत तुम्ही डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता, तेव्हा घरात चालता तसेच चालता. गाडी संथ, एकाच वेगाने आणि सरळ जात असेल, तर आतल्या कोणत्याही प्रयोगावरून तिचा वेग ओळखता येत नाही. गॅलिलिओने १६३२ साली जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण देऊन हेच सांगितले. मग रस्ता स्थिर असून सायकल पुढे जाते की सायकल स्थिर असून 'रस्ता' मागे जातो, याने तोलाला काय फरक पडणार? महत्त्व आहे ते चाक आणि त्याखालचा पृष्ठभाग यांच्यातील सापेक्ष वेगाला. हेच तत्त्व मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, पण घरच्या पडवीत ते मला आठवले नाही.

पुढे एका संध्याकाळी गंमत झाली. पुतण्या सायकल चालवत असताना पुढच्या लाटण्याचा पट्टा निसटला. मागचे चाक जोरात फिरत होते, पुढचे मात्र थांबले. दुसऱ्या क्षणाला त्याने चौकटीवर झडप घातली, नाहीतर पडलाच असता. मी विजयाने म्हणालो, "पाहिलेस? पुढच्या चाकाचा भोवरा थांबला आणि तोल गेला!"

तो म्हणाला, "काका, पण मी हँडल वळवून पाहिला ना! कितीही वळवला तरी चाक जागचे हलेचना."

त्याचे म्हणणे ऐकून मी गप्प झालो. कारण चाक थांबल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी नाहीशा झाल्या होत्या : भोवऱ्याचा गुण आणि हँडलाचा उपयोग. यांतली कोणती गोष्ट तोलाला कारण, हे आमच्या पट्ट्यावरून ठरणार नव्हते.

ते ठरवणारा प्रयोग एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने करून ठेवला आहे. डेव्हिड जोन्स त्यांचे नाव. चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायची, असा विचित्र ध्यास त्यांनी घेतला. पुढच्या चाकाशेजारी त्यांनी जमिनीला न टेकणारे दुसरे चाक बसवले आणि ते उलट दिशेने फिरवले. एका भोवऱ्याचा परिणाम दुसऱ्याने पुसून टाकला. तरीही जोन्स ती सायकल सहज चालवू शकले! स्वाराशिवाय ढकलली तर मात्र ती लवकर पडे. हा लेख १९७० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे भोवऱ्याचा गुण थोडी मदत करतो, पण सायकल त्याच्या जोरावर उभी नसते.

मग ती कोणाच्या जोरावर उभी असते? हाताशी एक लांब काठी घ्या आणि तळहातावर उभी धरून पाहा. काठी डावीकडे कलली की तुम्ही हात डावीकडे नेता, उजवीकडे कलली की उजवीकडे. काठीचा तोल जातच असतो, तुम्ही फक्त तिचा आधार तिच्या गुरुत्वमध्याखाली पुन्हा पुन्हा नेऊन ठेवता. सायकलस्वारही हेच करतो. तो डावीकडे कलला की हँडल किंचित डावीकडे वळवतो, चाके डावीकडे जातात आणि त्याच्या शरीराखाली परत येतात. मात्र चाके बाजूला सरकायची तर ती फिरत असली पाहिजेत. उभ्या सायकलचा हँडल कितीही वळवा, चाक जागीच राहते. पुतण्याला जाणवले होते ते हेच.

यात सायकल स्वतःही मदत करते. सायकल फक्त सीटला धरून हळूच डावीकडे कलती करा. हँडल आपोआप डावीकडे वळेल! २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक छोटी सायकल मुद्दाम अशी बनवली की तिच्यात भोवऱ्याचा परिणाम राहिला नव्हता, आणि चाक मागे घसटत ओढले गेल्याने हँडल सरळ होतो तो परिणामही नव्हता. फक्त पुढच्या भागाचे वजन अशा ठिकाणी ठेवले होते की सायकल कलताच हँडल त्या बाजूला वळावा. ढकलून सोडल्यावर ती स्वाराशिवाय आपली आपण सरळ गेली.

आता माझ्या कोपराची हकिकत. हे सर्व वाचून झाल्यावर मला वाटले, आपल्याला आता रोलर येणारच. लहानपणी कैची मारत सायकल शिकलेला माणूस मी, मला काय अवघड? चौकट धरून चढलो, पायडले मारली, हात सोडला. पुढचे चाक उजव्या कडेकडे सरकताना दिसले. मी घाबरून हँडल डावीकडे वळवला. आणि पडलो कोणीकडे? उजवीकडेच!

विचार करा म्हणजे समजेल. हँडल डावीकडे वळवताच चाके माझ्या अंगाखालून डावीकडे निघून गेली. शरीर मागे, म्हणजे उजवीकडे राहिले. हात डावीकडे नेला तर काठी उजवीकडे पडणारच. डावीकडे जायचे तर आधी हँडल अगदी किंचित उजवीकडे न्यावा लागतो, म्हणजे अंग डावीकडे कलते, आणि मग हँडल डावीकडे वळवायचा. रस्त्यावर आपण सगळे नकळत असेच करतो. विमान बनवणारे राइट बंधू मुळात सायकलींचे कारागीर. त्यांतल्या विल्बरने ही गोष्ट हेरली होती, आणि त्याने विचारलेल्या सायकलस्वारांपैकी कोणालाही आपण असे करतो याचा पत्ता नव्हता.

रस्त्यावर ही चूक का बाधत नाही? हँडल फक्त २ अंश वळला असे समजा. सेकंदाला ५ मीटर वेग असेल, तर पुढचे चाक सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला सरकते. आमची लाटणी ४० सेंटिमीटर लांब आहेत, म्हणजे मध्यापासून कड २० सेंटिमीटरवर. एका सेकंदाहून थोड्या जास्त वेळात चाक कडेला! रस्ता तीन-चार मीटर रुंद असतो, म्हणून हे वाकडेपण कोणाच्या नजरेत भरत नाही. आणि हळू चालवले तर बरे, असेही नाही. सेकंदाला १ मीटर वेग असेल, तर तेवढेच १७ सेंटिमीटर सरकण्यासाठी हँडल १० अंश वळवावा लागतो. म्हणूनच अगदी हळू जाणारी सायकल डुलत जाते. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका विद्यापीठातील मोठ्या सरकत्या पट्ट्यावर सायकल चालवून शास्त्रज्ञांनी २००९ साली हेच पाहिले : वेगात असताना हँडलाच्या बारीक हालचाली पुरतात, वेग मंदावला की हँडल मोठा वळू लागतो आणि गुडघेही बाजूला जाऊ लागतात. माझे गुडघे तर पहिल्या आठवड्यात पडवीच्या दोन्ही भिंतींकडे जात होते.

दुसरी अडचण विश्रांतीची. रस्त्यावर पायडल थांबवले तरी सायकल बरीच पुढे जाते. माणूस आणि सायकल मिळून ७५ किलोग्रॅम धरा. सेकंदाला ५ मीटर वेगाला त्यांची गतिज ऊर्जा ९०० ज्यूलच्या वर जाते. रोलरवर फिरतात ती फक्त चाके आणि लाटणी. माझ्या अंदाजाने त्यांची ऊर्जा १०० ज्यूलच्या आतच आहे. पाय थांबवले की दोन-तीन सेकंदांत सगळे थंड, आणि वेग गेला की हँडलाचा उपयोगही गेला. संवेगाबद्दल मी बोललो होतो त्यात एवढेच तथ्य होते!

एक गोष्ट मात्र रोलरवर सोपी आहे. समोरून वारा नाही. रस्त्यावर वेग वाढला की श्रमाचा सर्वांत मोठा वाटा हवा बाजूला सारण्यात जातो. अमेरिकेत १८९९ साली चार्ल्स मर्फी नावाच्या स्वाराने धावत्या आगगाडीच्या मागे, तिच्या आडोशाने, एक मैल ५७.८ सेकंदांत कापला. म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर! पण वारा नसल्याचा तोटाही आहे. पायडलावर जेवढे काम होते, त्याच्या तिप्पट उष्णता शरीरात तयार होते आणि ती वाहून न्यायला वारा नसतो. आमच्याकडे कूलर समोर ठेवावा लागतो. मे महिन्यात वीज गेली की सराव बंद.

मला रोलर यायला अठरा दिवस लागले. चाकाकडे बघायचे नाही, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे, आणि हँडल घट्ट आवळायचा नाही, हे पुतण्याने शिकवले. तो हात सोडून चालवतो. मला ते अजून जमलेले नाही. तुम्हाला कोठे रोलर मिळालेच तर मोठे माणूस जवळ असल्याशिवाय चढू नका, आणि फिरत्या पट्ट्यापाशी बोटे नेऊ नका.

रोलर नसले तरी एक प्रयोग तुम्हाला करता येईल. सिमेंटच्या कोरड्या अंगणात सुरुवातीला थोडे पाणी ओता. सायकल त्या पाण्यातून काढा आणि शक्य तितकी सरळ, पण अगदी हळू चालवा. मग मागे वळून दोन ओल्या रेघा पाहा. पुढच्या चाकाची रेघ मागच्या चाकाच्या रेघेपेक्षा जास्त नागमोडी असेल. आता तेच जरा वेगाने करा आणि पट्टीने मोजा, नागमोड किती सेंटिमीटर रुंद आली ते. रेघा लवकर वाळतात, म्हणून खडूने खुणा करायला एक मित्र सोबत ठेवा.