माउली, एक फोटो काढू का?

दोन वर्षांपूर्वी वारीत, दिवेघाटातल्या एका वळणावर एक आजी पायातल्या चपला काढून टाचेच्या भेगांत व्हॅसलिन भरत बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, तुळशीवृंदावन शेजारच्या दगडावर. तिघे जण त्यांच्यापुढे उकिडवे बसले, लेन्स रोखल्या, खटाखट फोटो काढले, एकमेकांना दाखवले आणि निघून गेले. आजींनी लुगडं सारखं केलं तोवर त्यांचं काम उरकलं होतं.

कायद्याने त्या तिघांचं काही चुकलं का? बहुधा नाही. सार्वजनिक जागी अनोळखी माणसाचा फोटो काढायला परवानगी हवीच, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांपुरतं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई शरीराच्या खासगी भागांपुरतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं खरं. पण टाचेच्या भेगांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

कॅनडात एक जण चढली. मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायऱ्यांवर ही सतरा वर्षांची मुलगी बसली होती. तिचा फोटो न विचारता एका कलाविषयक मासिकात छापला गेला. फोटोत वावगं काहीच नव्हतं, पण मैत्रिणी हसल्या. तिने दावा लावला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. भरपाई दोन हजार डॉलर.

फोटोग्राफर म्हणतात, विचारलं की चेहरा बदलतो. खरंच आहे ते. विचारलेला माणूस आधी केस सारखे करतो, मग ताठ उभा राहतो. वॉकर इव्हान्सने म्हणूनच १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले. चोरूनच. पण त्यांचं पुस्तक आलं १९६६ मध्ये. आता घाट उतरायच्या आत रील गावभर झालेलं असतं, आणि आजींच्या नातवाच्या मोबाइलवरही.

आधी विचारणं जमत नसेल तर नंतर विचारा. वारीत हाक तर तयारच आहे. यंदा घाटात गेलात तर फोटो काढल्यावर ‘माउली’ म्हणून पुढे व्हा, स्क्रीन त्यांच्यासमोर धरा आणि ‘नको’ म्हणाल्या तर त्यांच्यादेखत डिलीट करा.